चोरीच्या गेमचा राखणदार

समर्थ पुण्याला गेला त्याच दिवशी मी त्याचा लढाईचा गेम कॉम्प्युटरमधून काढून टाकला. खरं तर मला घर झाडायचं होतं. पण खालच्या मजल्यावरच्या सुलाबाई जिन्यात भेटल्या आणि माझ्या हातातला झाडू बघून त्यांनी कपाळाला हात लावला. घरचं माणूस परगावी निघालं की त्याच्यामागं लगेच केर काढत नाहीत, ते मयत उचलल्यावर करायचं काम, असं त्यांचं म्हणणं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण असं ऐकल्यावर झाडू चालवायची हिंमत कोणाची होणार? तो कोपऱ्यात ठेवला. हात मात्र शिवशिवत होते. रिकामं बसणं मला एरवीही जमत नाही आणि त्या दिवशी तर अजिबातच जमणार नव्हतं. म्हणून कॉम्प्युटर साफ करायला घेतला. कॉम्प्युटरमधला केर चालतो की नाही, हे सुलाबाईंना विचारायचं राहिलं.

समर्थ माझा भाचा. धाकट्या भावाचा, पुंजारामचा मुलगा. आमचं गाव कळवणजवळ. तिकडे एक सोय आहे. नाशकात आत्या किंवा मावशी असली की पोरांच्या शिक्षणाची काळजी मिटली. त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. पुंजारामनं एके दिवशी माझ्या सिडकोतल्या घरासमोर रिक्षा थांबवली आणि तिच्यातून गव्हाचं पोतं, पत्र्याची ट्रंक आणि मुलगा असं सगळं एकदम उतरवलं. "आक्का, इंजिनिअरिंगला नंबर लागला हे याचा. आता तुझ्याकडंच," एवढंच तो म्हणाला आणि चहा पिऊन परतीच्या गाडीला गेला. मला राग आला होता. लग्न जमलं नाही, पुढं ते जमवायचं मीच सोडलं, आणि दोन खोल्यांत माझं एकटीचं बरं चाललं होतं. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या खोलीत मी. मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, दशक्रियेची कार्डं, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका.

चार वर्षं पोरगं राहिलं. दुपारी माझं काम आटोपलं की तो खुर्ची बळकावायचा आणि मग घरात तोफा सुरू. शेजारी बसून मी हातात लाल पेन घेऊन ‘चि. सौ. कां.’ तपासते आहे आणि कानाशी बाँब फुटतायत, असा आमचा संसार. हेडफोन आणून दिले तर म्हणे कान दुखतात. आमचं बोलणं बेताचंच. जेवायला ये, भाजीत मीठ कमी आहे, उद्या लवकर उठव. तरी घरात दुसरं कोणीतरी श्वास घेत असतं, त्याची सवय लागते. ती लागली आहे हे मला कळलं नव्हतं.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. शिक्षण संपलं की पोरं जातात, ते ठरलेलंच. कळवणहून छायाचा, माझ्या भावजयीचा, फोन आला. पोराला नोकरी लागली म्हणून ती आनंदानं रडली, माझे उपकार मानले. आता तू काय करशील, असं मात्र आत्याला कोणी विचारत नाही. तशी पद्धतच नाही. गव्हाचं पोतंही त्या वर्षापासून यायचं थांबलं, आणि त्यात कोणाची चूक नव्हती. खाणारंच गेल्यावर पोतं कशाला पाठवतील?

तर गेम काढला. आठवड्याच्या आत माझा सीडी रायटर बिघडला. तयार झालेलं काम मी सीडीवर उतरवून भद्रकालीतल्या प्रेसला देते. प्रेसचं मशीन माझ्याहून म्हातारं, त्याला पेन ड्राइव्ह चालत नाही. सीडी घातली की निम्म्यापर्यंत जायची आणि कॉम्प्युटर असा गोठायचा की बटण दाबून बंदच करावा लागायचा. प्रत्येक वेळी एक सीडी वाया. गणपती मंडळांचे अहवाल अंगावर आलेले, आणि मी वाया गेलेल्या सीड्या कबुतरं हाकलायला खिडकीत टांगत बसले होते. शेवटी रविवारी समर्थला फोन लावला. पोचल्यावर त्यानं ‘पोचलो’ म्हणून कळवलं होतं, त्यानंतर आमचं बोलणंच झालं नव्हतं.

त्यानं मला सगळं नीट समजावून सांगितलं. गेमची कोणी नक्कल करू नये म्हणून कंपन्या गेमबरोबर एक फाइल गुपचूप आत सोडतात. ती मशीनच्या पार पोटात जाऊन बसते आणि कोण कुठली सीडी घालतंय, काय उतरवतंय, यावर नजर ठेवते. गेम आहे तोवर ती गुमान असते, पण गेम काढला तरी ती फाइल जात नाही. ती तिथेच बसून राहते आणि तुझ्या लग्नपत्रिकांवर संशय घेते, तो म्हणाला.

"पण तुझा गेम तर नक्कल केलेलाच होता ना? कॉलेज रोडच्या गाळ्यातला?"

"हो ना."

"मग ती फाइल राखण कसली करतेय?"

समर्थ हसायला लागला. मीही हसले. चोरून आणलेल्या पेटीबरोबर तिचा राखणदारही घरात आला होता, आणि पेटी फेकून दिली तरी हा दारात बसून. मग त्यानं एकेक पायरी सांगितली. इथे राइट क्लिक कर, तिथे जा, लपलेल्या गोष्टी दाखव म्हण, आता यादी उघडली का, त्यात अमुक नावाची ओळ शोध. मी शोधत होते, तो थांबत होता. मध्येच त्यानं विचारलं, जेवलीस का. मध्येच सांगितलं की मेसची आमटी म्हणजे नुसतं पाणी. त्याच्या खोलीतल्या मुलाला घोरायची सवय आहे. ऑफिसातला साहेब बरा आहे. चार वर्षांत समर्थ माझ्याशी इतकं एका बैठकीत कधी बोलला नव्हता.

ओळ सापडली. "आता तिच्यावर क्लिक करून अनइन्स्टॉल म्हण आणि मशीन रिस्टार्ट कर," तो म्हणाला.

माझं बोट माउसवर होतं. मी म्हटलं, "केलं."

केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्याचाच फोन आला. गेलं का ते? मी म्हटलं, नाही रे, तसंच आहे. त्याला नवल वाटलं. त्यानं ऑफिसात कोणाला तरी विचारलं आणि दुसरा उपाय आणला. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. मी फोन खांद्याला लावायची, देवासाठी वाती वळायला घ्यायची आणि तो सांगेल तसं म्हणत राहायची, हं, उघडलं, हं, दिसतंय, हं, दाबलं. कॉम्प्युटर कधीकधी चालूही नसायचा. मला सीडी रायटर दुरुस्त व्हायला नकोच होता. मला समर्थ हवा होता, रविवारचा तेवढा तास हवा होता, आणि रायटर दुरुस्त झाला की तो तास जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पोरगं वाईट नाही. पण काम नसताना आत्याला फोन कशाला करायचा, हे त्याला सुचलं नसतं. मलाही माझ्या आत्याच्या बाबतीत कधी सुचलं नव्हतं.

कामाचे मात्र हाल झाले. प्रत्येक कामाला पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून पवननगरच्या सायबर कॅफेत जायचं, तिथल्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं, सीडी उतरवून घ्यायची, मग बसनं भद्रकाली. प्रेसवाला म्हणाला, बाई, नवा रायटर घ्या, त्याला काय पडतं? रायटर चांगलाच आहे, असं मी त्याला सांगितलं.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, समर्थनं आपणहून सांगितलं. कळवणला जाताना शनिवारी तुझ्याकडे उतरतो, रात्र राहतो आणि तुझं ते मशीन एकदाचं स्वतः बघतो. फोनवरून हे होणार नाही, आत्या. मी त्याला बरं म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच पोहे चाळायला घेतले. जूननंतर तो पहिल्यांदा येणार होता. पुण्याहून थेट कळवणची गाडी मिळते, गेल्या दोन्ही वेळा तो तिनंच गेला होता. या खेपेला तो नाशकात उतरणार होता, आणि ते केवळ त्या राखणदारामुळे. त्याला नैवेद्य दाखवावा असं मला वाटलं.

गुरुवारी यूपीएस टीं टीं करायला लागला म्हणून मी फराजला बोलावलं. जुन्या नाशकातला हा मुलगा माझी सगळी यंत्रं बघतो. कामाला चोख, स्वभावानं गोड, आणि सांगितल्यापेक्षा जास्त करायची खोड. तो बॅटरी बदलत होता तोवर मी आत चिवडा हलवत होते. चहा घेऊन बाहेर आले तर तो माझ्या खुर्चीत बसलेला, आणि रायटरमधून सीडी बाहेर येत होती.

"मॅडम, तुमचा रायटर पण करून टाकला," तो म्हणाला. "एक जुना ड्रायव्हर फसून बसला होता, कुठल्या तरी गेमची फाइल. काढला. तीन सीड्या मारून बघितल्या, एकदम मक्खन. त्याचे पैसे नकोत, दिवाळी आहे."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. मी त्याला म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं? आवाज चढलाच. त्याला काही कळेना. बिचारा उभा राहिला, म्हणाला, मॅडम, तुम्हीच तर चार महिने त्रास आहे म्हणत होता. म्हणत होते, खरं आहे. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं त्याच्या मनात आलं असेल तर त्यात चूक काय? मी त्याला खाली बसवलं, दुसरा चहा केला, चिवड्याची बशी दिली. मग शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, की तो ड्रायव्हर परत बसवता येतो का.

"ज्या गेमबरोबर आला, त्याच गेमबरोबर येईल," फराज म्हणाला. "पण कशाला, मॅडम?" मी म्हटलं, असंच. तो अर्धा चहा तसाच ठेवून गेला. जाताना त्यानं सलाम केला तोही जरा जपून केला.

गेमची सीडी समर्थ घेऊन गेला होता. शुक्रवारी सकाळी मी कॉलेज रोडला गेले. बावन्न वर्षांची बाई, हातात भाजीची पिशवी, आणि त्या गाळ्यात चहूकडे बंदुका रोखलेल्या माणसांची चित्रं. गेमचं नाव मला सांगता येईना. बर्फ पडतो, रणगाडे असतात, आणि एक माणूस सारखा ओरडतो, असं मी वर्णन केलं. दुकानदारानं तशा पाच-सहा सीड्या पुढ्यात टाकल्या. एकीवरचा चेहरा मी ओळखला. चार वर्षं तो माझ्या घरात राहिला होता. "कितवीला आहे मुलगा?" दुकानदारानं विचारलं. मी म्हटलं, बीई झालाय. त्यानं सीडी कागदात गुंडाळून दिली.

घरी येऊन गेम टाकला. तो सुरू केल्याशिवाय राखणदार आत शिरतो की नाही याची खात्री नव्हती, म्हणून सुरूही केला. बर्फात उभी राहिले, इकडेतिकडे बघितलं, कोणीतरी मला गोळी घातली. मग गेम काढून टाकला, मशीन बंद करून चालू केलं आणि कोरी सीडी घातली. ती निम्म्यावर अडकली आणि कॉम्प्युटर गोठला. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. देवापुढं साखर ठेवली, खोटं कशाला सांगू?

शनिवारी समर्थ आला. अंगानं भरला होता, नवे बूट, खिशात सारखा वाजणारा मोबाइल. बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी तो पोटभर जेवला. मी वाढत होते, तो खाली बघून खात होता, आणि भाजीत मीठ बरोबर आहे म्हणाला. मग हात पुसत खुर्चीत बसला. मी मागं उभी राहिले. यादी उघडली, ओळ दिसली, त्यानं मशीनच्या पोटातली ती फाइलही शोधून काढली आणि तिची माहिती उघडली. आणि थांबला.

"आत्या, ही फाइल कालची आहे."

फाइल कधी आली याची तारीख तिच्यावर लिहिलेली असते, हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं कॉम्प्युटरवर काम करते मी, पण ते कशाला बघितलं असेल? सगळं सांगून टाकावं असं वाटलं. अरे, तू यावंस म्हणून केलं, मला इथे करमत नाही, जेवायला दोन ताटं काढते आणि एक परत ठेवते. तोंडाशी आलं होतं.

त्याआधीच समर्थ हसायला लागला. टेबलावर हात आपटून हसला. "म्हणजे तू खेळतेस? मी इकडे दर रविवारी काढायला सांगतोय आणि तू परत टाकतेस? म्हणून जात नव्हतं होय ते."

मी म्हटलं, "हो. खेळते कधीकधी. वेळ जात नाही म्हणून."

त्यानं लगेच कळवणला फोन लावला. पुंजारामचं हसणं मला दूर उभ्या उभ्या ऐकू आलं. मग फोन माझ्या कानाला लावण्यात आला. "आक्का, बंदुका उडवती का तू? लय भारी. आपल्याकडं बिबट्या आला हे, ये मग," भाऊ म्हणाला. मागं छायाही हसत होती. हसतील त्यांचे दात दिसतील, असं मी म्हटलं आणि मीही हसले. एकटी बाई गेम खेळते, यावर हसता येतं. एकटी बाई भाच्यानं यावं म्हणून चांगलं मशीन बिघडवते, यावर कोणाला हसता आलं नसतं. सगळे गप्प झाले असते, मग दर महिन्याला आळीपाळीनं कोणीतरी मला बघायला आलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. त्यापेक्षा हे बरं.

समर्थनं राखणदार काढला. एकदम मुळासकट, तू शंभरदा गेम टाकलास तरी आता येणार नाही, म्हणाला. मग त्यानं बॅगेतून सीड्यांची पिशवी काढली आणि तोच गेम माझ्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. पण हा वेगळा होता, कोणीतरी कुलूप तोडून मोकळा केलेला. सीडी घालायला नको, राखण नाही, रायटरला धक्का नाही. आता खुशाल खेळ, आत्या. त्यानं मला चालायचं कसं, वाकायचं कसं, बंदूक भरायची कशी तेही दाखवलं. इतक्या प्रेमानं दाखवत होता की मला रडू येईल अशी भीती वाटली. रविवारी सकाळी चिवड्याचा डबा घेऊन तो कळवणला गेला. मी स्टँडपर्यंत गेले नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं आणि पत्रिकांचा हंगाम सुरू झाला. रायटर एकदाही अडकला नाही. एकामागून एक सीड्या उतरत होत्या, प्रेसवाला खूश होता. पहिल्या रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या रविवारी मी फोन जागच्या जागी पुसून काढला, रिसीव्हर उचलून आवाज येतो का बघितलं. येत होता. तिसऱ्या रविवारी दुपारी घरात इतकं शांत होतं की खाली सुलाबाई डाळ निवडत होत्या त्याचा आवाज मला वर ऐकू येत होता. मी उठले आणि गेम सुरू केला.

मला तो आवडत नाही. अजूनही आवडत नाही. पण मी रोज दुपारी बसायला लागले. सुरुवातीला भिंतीवरच आपटायची. मग चालायला जमलं, मग लपायला. खेळात एक पूल येतो, त्याच्या पलीकडे मशीनगन घेऊन माणसं बसलेली असतात. तिथे मी मरायची. परत परत, रोज मरायची. शेवटी मी समर्थला फोन केला. खोलीत त्याचे मित्र होते, गाणी चालली होती, त्यानं घाईनं विचारलं, काय झालं, आत्या? मी म्हटलं, तो पूल काही ओलांडता येत नाही रे.

तिकडची गाणी बंद झाली. "अगं, तो पूल सगळ्यांनाच नडतो," तो म्हणाला, आणि बोलतच राहिला. सरळ जाऊ नकोस, खाली उतर, पाण्याच्या कडेनं जा, धुराचा गोळा फेक, मग थांब, मोजू नकोस, त्यांचा आवाज बंद झाला की पळ. त्याला स्वतःला किती दिवस लागले होते ते त्यानं सांगितलं. मी आत भाकरी थापत असायची तेव्हा तो तिथेच मरत असायचा, हे मला माहीतच नव्हतं. बोलता बोलता त्यानं नवी खोली घेतल्याचं सांगितलं, आणि ऑफिसातल्या एका मुलीचं नाव दोनदा घेतलं. मी ते ऐकलं, पण विचारलं काही नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी त्याचाच फोन आला. ‘हॅलो’ म्हणायच्या आधीच त्यानं विचारलं, "झाला का गं पूल?"

पूल मी गुरुवारीच ओलांडला होता. पाण्याच्या कडेनं गेले, धुराचा गोळा फेकला, थांबले, पळाले.

"नाही रे," मी म्हटलं. "परत एकदा सांग बरं. खाली उतरायचं ते डावीकडून का?"